चॅटबॉटशी बोलून बरे वाटते. मग थेरपिस्टकडे जायचे कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'गेले सात महिने मी रोज रात्री एका एआय चॅटबॉटशी बोलतो. कामाचा ताण, घरातले वाद, झोप न लागणे, सगळे त्याला सांगतो आणि बरे वाटते. बहीण म्हणते, थेरपिस्टकडे जा. पूर्वी एका समुपदेशकाकडे दोनदा गेलो होतो, तेव्हा घड्याळाकडे पाहत माझे ऐकले जात आहे असे वाटले. चॅटबॉट कंटाळत नाही, मला नावे ठेवत नाही, पैसे मागत नाही. मग माणसाकडे जायचे कशासाठी? तसे सगळे ठीक आहे. एक गोष्ट मात्र आहे, जी मी त्यालाही अजून सांगितलेली नाही.'

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून मी बावीस वर्षे काम करते आहे आणि माणसांना भेटण्याचे पैसे घेते. त्यामुळे या प्रश्नात माझा हितसंबंध उघड आहे आणि पुढचे वाचताना तो लक्षात ठेवलेला बरा. तरीही सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करायला हवी. चॅटबॉटशी बोलून तुम्हाला जे बरे वाटते ते खोटे नाही, आणि त्यासाठी स्वतःला भाबडे समजण्याचे काही कारण नाही. मनात घोळणारी गोष्ट शब्दांत मांडली की तिला आकार येतो, सुरुवात आणि शेवट मिळतो, आणि दिवसभर जे नुसते छातीवरचे ओझे होते ते चार वाक्यांत सांगता येते. समोर कोण आहे यावर हा परिणाम पूर्णपणे अवलंबून नसतो. कोरा कागदही त्यातले बरेचसे काम करतो.

कागदाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितले होते. ज्यांनी प्रसंगाची हकिकत आणि त्याबद्दलच्या भावना असे दोन्ही लिहिले, ते लिहून उठल्यावर अधिक खिन्न झालेले आढळले. पण पुढच्या सहा महिन्यांत आरोग्यकेंद्रात जाण्याची वेळ त्यांच्यावर इतरांपेक्षा कमी आली. म्हणजे त्या क्षणी बरे वाटले नाही आणि फायदा मात्र झाला. तुमच्या प्रश्नात 'बरे वाटते' हा निकष म्हणून आला आहे आणि मला तिथेच थोडे थांबायचे आहे, कारण आपल्या भाषेत बरे वाटणे आणि बरे होणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि माझ्या कामात त्या दोहोंची गाठ रोज पडतेच असे नाही. कित्येकदा सत्र संपवून माणूस जड पावलांनी जातो, आणि पुढच्या आठवड्यात येऊन सांगतो की सहा महिने टाळलेला फोन शेवटी केला.

यंत्राशी बोलून मन हलके होण्याचा अनुभव आजचा नाही. एमआयटीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा या प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. त्यातला 'डॉक्टर' हा भाग मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीने, म्हणजे समोरच्याचेच बोलणे त्याला परत ऐकवत बोलणाऱ्या थेरपिस्टची नक्कल करीत असे. तुम्ही आईबद्दल काही टाइप केले की तो घरच्यांबद्दल आणखी सांगायला सांगे. ठरावीक शब्द ओळखून तेच वाक्य उलटे फिरवण्यापलीकडे त्याला फारसे काही येत नव्हते, आणि तो तयार होताना वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने कित्येक महिने पाहिले होते. तरीही दोनचार वाक्यांची देवाणघेवाण झाल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. या प्रसंगाने ते इतके अस्वस्थ झाले की पुढे १९७६ मध्ये त्यांनी या विषयावर एक सबंध टीकात्मक पुस्तक लिहिले. ही गोष्ट लोकांच्या भोळेपणाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. त्या बाईंना यंत्र काय आहे हे ठाऊक होते. त्यांना हवी होती ती कुणीही ऐकत नसलेली खोली, आणि ती गरज अगदी खरी होती.

आजच्या साधनांबाबत पुरावा काय सांगतो, हेही पाहिले पाहिजे, कारण 'यंत्राने काही होत नाही' असे म्हणणे आता प्रामाणिकपणाचे राहिलेले नाही. २०१७ मध्ये वोबॉट या चॅटबॉटचा ७० तरुणांवर दोन आठवडे प्रयोग झाला आणि नैराश्याची लक्षणे, नुसते माहितीचे ई-पुस्तक मिळालेल्या गटाच्या तुलनेत, अधिक कमी झाली. अमेरिकेतील डार्टमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी तयार केलेल्या थेराबॉटची चाचणी मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २१० जण होते, आणि चॅटबॉट वापरणाऱ्यांपैकी नैराश्य असलेल्यांच्या लक्षणांत सरासरी ५१ टक्के, तर चिंताविकार असलेल्यांच्या लक्षणांत सरासरी ३१ टक्के घट झाली. आकडे चांगले आहेत. मात्र तुलना झाली ती त्या काळात काहीच उपचार न मिळालेल्या, प्रतीक्षायादीतल्या लोकांशी, थेरपिस्टकडे जाणाऱ्यांशी नव्हे; आणि थेराबॉटचे सगळे संदेश संशोधकांच्या नजरेखालून जात होते, धोका दिसला तर माणूस मध्ये पडणार होता. तुम्ही रात्री ज्याच्याशी बोलता तो, तुमच्या वर्णनावरून, सर्वसाधारण वापराचा चॅटबॉट आहे. पत्र लिहून देणे, हिशेब समजावणे आणि दुःख ऐकणे ही सगळी कामे तो एकाच स्वरात करतो. एका खास बनवलेल्या, देखरेखीखालच्या साधनाचे प्रमाणपत्र त्याला परस्पर लागू होत नाही. शिवाय वोबॉटचे ॲप ३० जून २०२५ रोजी बंद झाले. ज्यांनी त्यात वर्षानुवर्षे मन मोकळे केले होते, त्यांचा तो दिवस कसा गेला असेल, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता. थेरपिस्ट गाव सोडून जातो तेव्हाही निरोपाची दोनतीन सत्रे ठेवतो.

आता माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा. चॅटबॉट तुम्ही जे सांगता त्याला उत्तर देतो. त्यामुळे तुमची अडचण सांगता येण्याजोगी असेल तोवर तो पुष्कळ उपयोगी पडतो. पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांची अडचण सांगण्याच्या अलीकडेच अडकलेली असते: जे घडते आहे ते त्यांना दिसत नसते, किंवा दिसते पण तोंडातून निघत नाही, किंवा निघते ते दुसऱ्याच कशाचे तरी रूप घेऊन.

एक दृश्य सांगते, तपशील बदलून. आमचे सत्र सहसा पन्नास मिनिटांचे असते. एक गृहस्थ सलग पाच आठवडे येऊन वरिष्ठांच्या तक्रारी करीत, अगदी मुद्देसूद, तारखांसकट. सहाव्या आठवड्यात वेळ संपली, ते उठले, दारापाशी जाऊन चपला पायात सरकवल्या आणि माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाले, 'बायको महिनाभर माहेरी आहे, तुम्हाला सांगायचे राहिलेच.' आमच्या व्यवसायात हे इतके नेहमीचे आहे की आम्ही दाराशी बोलल्या जाणाऱ्या वाक्याची वाटच पाहतो. ते वाक्य वेळ संपत आली म्हणून येते. आता त्यावर चर्चा होणार नाही याची खात्री झाली की जीभ सुटते. मी त्यांना परत बसवले नाही. 'पुढच्या वेळी इथूनच सुरू करू' एवढेच म्हटले, आणि तो आठवडा त्या वाक्यासोबत काढणे हेही उपचाराचाच भाग होते. चॅटबॉटशी चाललेल्या संभाषणाला दार नाही. ते रात्री दोनलाही संपत नाही, म्हणून शेवटी बोलायचे वाक्य तिथे कधी शेवटी येतच नाही. आणि ज्या गोष्टीबद्दल तुम्ही एक अक्षरही टाइप केले नाही, तिच्या नसण्याकडे त्याचे लक्ष जाण्याचा मार्ग फारसा उरत नाही.

हेच आवाजाबद्दल. 'कशातच मन लागत नाही' हे वाक्य मराठी माणूस कंटाळ्यासाठी वापरतो, कुणाची आठवण येते तेव्हा वापरतो, आणि गंभीर नैराश्यातही नेमके हेच वाक्य वापरतो. पडद्यावर तिन्ही वेळा अक्षरे तीच. खोलीत मात्र ते म्हणताना नजर कुठे गेली, वाक्याच्या आधी किती वेळ गेला, अंगावरचे कपडे तीन दिवसांचे आहेत का, हे दिसते, आणि निदान बऱ्याचदा तिथे होते.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण तिथे बरे वाटणे हेच आजाराचे खाद्य बनते. नुकतीच आई झालेली एक तरुणी माझ्याकडे आली. बाळाला आंघोळ घालताना आपल्या हातून त्याला काही इजा होईल, असा विचार तिच्या मनात घुसे आणि ती हादरून जाई. असे नको असलेले विचार बाळंतपणानंतर अनेकींच्या मनात येतात आणि ते इच्छेचे लक्षण नसते. तिला मात्र ते ओसीडीच्या, म्हणजे नको असलेले विचार आणि ते शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या कृती यांच्या विकाराच्या, पातळीपर्यंत छळत होते. तिने फोन माझ्यासमोर धरला आणि अंगठ्याने पडदा वर सरकवत राहिली. आदल्या रात्रीचे संभाषण संपेना. एकच प्रश्न, शब्द बदलून बदलून, वीसहून अधिक वेळा: 'मी वाईट आई आहे का? माझ्याकडून काही होईल का?' दर वेळी उत्तर प्रेमळ, समजूतदार आणि माहिती म्हणून अचूक होते. दर वेळी तिला सुटल्यासारखे वाटे, आणि दहा मिनिटांत शंका परत येई, कारण ओसीडीत खात्री मागणे ही स्वतःच एक सक्तीची कृती असते, हात पुन्हा पुन्हा धुण्यासारखी. या आजारासाठी वापरली जाणारी एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन ही उपचारपद्धती नेमके उलटे करते: अस्वस्थता येऊ द्यायची आणि खात्री द्यायची नाही. तिने तोच प्रश्न मला विचारला तेव्हा मी उत्तर दिले नाही. ती चिडली, रडली, आणि पाऊण तासाने तिच्या लक्षात आले की उत्तर न मिळताही अस्वस्थता आपोआप उतरली. यंत्राची प्रत्येक ओळ बरोबर होती आणि सगळे मिळून उपचाराच्या विरुद्ध जात होते, असे मी तिच्या पतीला समजावले तेव्हा त्यांना ते पटायला वेळ लागला.

मनाजोगते बोलण्याची ही ओढ बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीच्या एका मॉडेलमध्ये केलेला बदल काही दिवसांतच मागे घेतला, कारण ते वापरणाऱ्याच्या हो ला हो करू लागले होते, अगदी खुशामतीपर्यंत. वरवर पाहता हा स्वभावातला किरकोळ दोष. पण ज्याची झोप तीन तासांवर आली आहे, डोक्यात योजनांची गर्दी झाली आहे आणि नोकरी सोडून सगळी बचत एका कल्पनेत घालायची आहे, अशा माणसाला उत्साहाने साथ देणारा श्रोता मिळाला तर काय होईल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. तसेच, २०२३ मध्ये अमेरिकेतील नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनला आपला टेसा हा चॅटबॉट बंद करावा लागला, कारण खाण्याच्या विकारांनी त्रस्त लोकांना तो वजन कमी करण्याचे सल्ले देत असल्याचे समोर आले. तोच सल्ला दुसऱ्या कुणाला निरुपद्रवी ठरला असता. समोरचे माणूस कोण आहे हे कळण्यावर सगळे अवलंबून होते.

चॅटबॉट मला नावे ठेवत नाही, असे तुम्ही म्हणता. खरे आहे. पण ज्याच्याकडे आपल्याबद्दल मतच नाही त्याने आपल्याला स्वीकारले, याचे वजन किती धरायचे? इथे माझीच एक चूक सांगते. वडिलांबद्दलचा जुना राग घेऊन आलेल्या एका मुलाला मी चौथ्याच सत्रात म्हणाले, 'कदाचित त्यांनाही त्या काळात फार जड गेले असेल.' तो 'हो' म्हणाला. पुढचे सत्र त्याने निरोप पाठवून रद्द केले. त्यानंतर आला, बराच वेळ खिडकीकडे पाहत बसला आणि म्हणाला, 'त्या दिवशी तुम्ही त्यांची बाजू घेतलीत.' मी घेतली होती. तसे मी सांगितले आणि घाई केल्याबद्दल माफी मागितली. मग तो म्हणाला की कुणी दुखावले तर त्याच्या तोंडावर तसे म्हणण्याची ही त्याची पहिली वेळ. आजवर तो फक्त त्या माणसाकडे जायचे बंद करीत आला होता. नंतरच्या सगळ्या कामाचा पाया ते एक वाक्य होते. चॅटबॉटला तुम्ही 'चुकलास' म्हटले तर तो तत्काळ क्षमा मागतो. त्याला लागत नाही, आणि तुम्हालाही काही पणाला लावावे लागत नाही. ज्यांचे दुखणे मुळात माणसांशी असलेल्या नात्यांतच आहे, त्यांना ते दुरुस्त करण्याची तालीम माणसासोबतच करावी लागते. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातील सहकार्याचे तीन घटक मांडले, ते म्हणजे उद्दिष्टांवरचे एकमत, करायच्या कामांवरचे एकमत आणि दोघांमधला बंध. लोक सहसा तिसऱ्याचीच चौकशी करतात. माझ्या अनुभवात पहिल्या दोन्हींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जास्त उपचार सुटतात.

यावरून माणूस नेहमी श्रेष्ठ असा निष्कर्ष कुणी काढू नये. थेरपी घेणाऱ्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांची स्थिती उपचारादरम्यान खालावते, हे आमच्याच क्षेत्रातले संशोधन सांगते, आणि त्यात थेरपिस्टचा वाटा असू शकतो. तुमच्या त्या दोन भेटींबद्दल मी त्या समुपदेशकाची वकिली करणार नाही. घड्याळाकडे पाहणे कधी नाइलाजाचे असते, कधी खरोखर लक्ष नसल्याचे. त्या खोलीत मी नव्हते. एवढे मात्र सांगता येते, की दोन भेटींत फारसे काही ठरत नाही. केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांच्या १९८६ च्या विश्लेषणात साधारण निम्म्या लोकांमध्ये मोजता येण्याजोगी सुधारणा दिसायला आठ सत्रे लागली होती. आणि एक माणूस जमला नाही तर दुसरा शोधणे यात कसलीही अप्रतिष्ठा नाही. निघण्यापूर्वी 'तुम्ही घड्याळाकडे पाहता तेव्हा मला असे वाटते' हे मात्र एकदा म्हणून पाहावे. चांगला थेरपिस्ट त्या वाक्याने सावध होतो. जो रागावतो, त्याच्याकडे पुन्हा न गेलेले बरे.

गुप्ततेबद्दल बऱ्याच लोकांची कल्पना नेमकी उलटी असते: यंत्राला सांगितले म्हणजे कुणालाच सांगितले नाही, असे त्यांना वाटते. डॉक्टर, वकील किंवा थेरपिस्ट यांच्याशी झालेल्या बोलण्याला कायद्याचे जे संरक्षण मिळते ते चॅटजीपीटीशी झालेल्या बोलण्याला नाही, हे ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जुलै २०२५ मध्ये स्वतःच सांगितले होते. माणसांच्या बाजूलाही सगळे स्वच्छ नाही. बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन सेवेने लोकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक आणि स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला आणि २०२३ मध्ये ते प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटले. फरक जबाबदारीचा आहे. मी चुकले तर माझी नोंदणी आहे, तक्रार करण्याची जागा आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये परवानाधारक व्यक्तीशिवाय एआयकडून थेरपी देण्यावर बंदी घातली, त्यामागेही बहुधा हाच विचार होता की दुखापत झाली तर कुणाचे तरी नाव घेता आले पाहिजे.

काही परिस्थितींत मात्र निवडीचा प्रश्नच नाही. जीवन संपवण्याचे विचार येत असतील, इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येत असतील, लोक आपल्या मागावर आहेत अशी खात्री वाटू लागली असेल, झोप जवळजवळ नाहीशी होऊनही अंगात विलक्षण उत्साह असेल, खाणे किंवा दारू हाताबाहेर गेली असेल, घरात मारहाण होत असेल, तर चॅटबॉट बाजूला ठेवून माणसापर्यंत पोहोचायचे. आत्महत्येचा विचार आत्ता या घडीला प्रबळ असेल तर भेटीची वेळ ठरण्याची वाट न पाहता आपल्या भागातील हेल्पलाइनला किंवा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला फोन करावा, आणि शेजारच्या खोलीत जो कुणी असेल त्याला 'मला एकटे सोडू नका' एवढे सांगावे. यांपैकी बऱ्याच ठिकाणी औषधांचीही गरज पडते आणि ती देण्याचे काम मनोविकारतज्ज्ञांचे, म्हणजे वैद्यकीय पदवी असलेल्या डॉक्टरांचे. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक औषधे लिहून देत नाहीत, इतका भेद लक्षात राहिला तरी दार चुकत नाही.

तुमच्यासारख्या मधल्या परिस्थितीत, जिथे काम चालू आहे, घर चालू आहे आणि रात्र कठीण जाते आहे, तिथे मी दोन आठवड्यांची एक नोंद ठेवायला सांगते. रोज रात्री किती वेळ बोललात आणि त्यानंतर कसे वाटले, हे एका ओळीत लिहा. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्या बोलण्यामुळे प्रत्यक्षात काय वेगळे केले, हे दुसऱ्या ओळीत. पहिला रकाना भरत जाईल आणि दुसरा कोरा राहील, तर सात महिन्यांत काय झाले याचा अंदाज येतो: दर रात्री वाफ निघून गेली आणि खालचा जाळ तसाच राहिला. दुसऱ्या रकान्यात जर 'बहिणीशी बोललो', 'वेळेवर निघालो', 'नाही म्हटले' अशा नोंदी येत असतील तर चॅटबॉट तुमच्या कामाचा आहे, आणि तो सोडा असे मी म्हणणार नाही. जोडीला नैराश्याची लक्षणे मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरता येईल. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, एकूण गुण ० ते २७. १० किंवा त्याहून अधिक आले तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, आणि नवव्या, म्हणजे स्वतःला इजा करण्याबद्दलच्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आले तर बेरीज किती याचा विचार न करता भेट घ्यावी.

थेरपी सुरू केल्यावर चॅटबॉट लपवण्याचीही गरज नाही. माझ्याकडचे काही जण दोन सत्रांच्या मधल्या काळात विचारांची नोंद त्याच्या मदतीने ठेवतात, अवघड संभाषणाची तयारी करतात, आणि एकजण तर दर आठवड्याच्या बोलण्याचा सारांश काढून आणते. तिच्या सारांशात जे नसते, त्यावर आम्ही बोलतो. स्वतःची जुनी संभाषणे एकदा सलग वाचून पाहण्यासारखी असतात. कुठल्या विषयाशी येऊन आपण दर वेळी वळण घेतो, हे त्यात दिसते. पैशांचा किंवा वेळेचा प्रश्न खरोखर असेल तर आठवड्याऐवजी पंधरवड्याने भेटता येते, प्रशिक्षण चालू असलेले आणि देखरेखीखाली काम करणारे थेरपिस्ट कमी शुल्क घेतात, गटउपचारही असतात. पहिल्याच फोनवर हे विचारायला संकोच करू नये.

आता तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. सगळे सांगून झाल्यावर, 'तसे सगळे ठीक आहे' असे म्हणून, तुम्ही एक गोष्ट त्यालाही सांगितली नसल्याचे लिहिले आहे. सात महिने, रोज रात्री, कंटाळत नाही आणि नावे ठेवत नाही अशा श्रोत्यासमोर ती निघाली नाही, आणि इथे, अनोळखी माणसासमोर, पाठ फिरवून जाता जाता तिचा नुसता उल्लेख झाला. ती काय आहे हे मी विचारत नाही. इथे ती लिहूही नका. पहिल्या भेटीतही ती सांगावी लागत नाही. समोर बसल्यावर इतकेच म्हणता येईल: 'एक गोष्ट आहे, ती मी आज सांगणार नाही.' पुढचा थेरपिस्ट योग्य असेल तर तो ती काय आहे हे विचारणार नाही. सांगितले तर काय होईल असे तुम्हाला वाटते, एवढेच विचारील.